रंगमंचावरून छोट्या पडद्यावर : सई परांजपे यांची वाटचाल

प्रस्तावना

नाटक पाहायचे असेल तर प्रेक्षकाला घराबाहेर पडावे लागते. तिकीट काढून तो नाट्यगृहात जातो, अंधारात बसतो आणि पडदा वर जाण्याची वाट पाहतो. दूरचित्रवाणी मात्र आपणहून प्रेक्षकाच्या घरी येते. घरात स्वयंपाक चाललेला असतो, मुले अभ्यास करीत असतात, दारावर कोणी आलेले असते. या साऱ्या गडबडीत तिला आपले म्हणणे मांडावे लागते. दोन्ही ठिकाणी माणसे बोलतात, हसतात, भांडतात. पण दोन्हींची लेखनरीत एक नसते. मग नाटक लिहिणारी व्यक्ती दूरचित्रवाणीकडे वळते, तेव्हा तिला काय शिकावे लागते? काय सोडून द्यावे लागते? आणि काय जपून ठेवता येते?

प्रस्तुत पाठात सई परांजपे यांच्या कलाप्रवासाचा परिचय करून दिला आहे. त्यांनी आकाशवाणीवर निवेदिका म्हणून काम केले, मुलांसाठी व मोठ्यांसाठी नाटके लिहिली, दिल्ली दूरदर्शनवर निर्माती म्हणून काम केले, चित्रपट दिग्दर्शित केले आणि पुढे मालिकाही केल्या. माध्यमे बदलत गेली तरी त्यांची माणसाकडे पाहण्याची दृष्टी कशी टिकून राहिली, हे या पाठातून समजून घ्यायचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• सई परांजपे यांच्या कलाजीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने सांगणे;
• आकाशवाणी, रंगमंच आणि दूरचित्रवाणी या माध्यमांतील फरक स्पष्ट करणे;
• दूरचित्रवाणीवरील निर्मात्याच्या कामाचे स्वरूप सांगणे;
• एका लेखकाच्या निरनिराळ्या कलाकृतींतील समान सूत्र शोधणे;
• व्यवसायवाचक नामांची स्त्रीलिंगी रूपे ओळखून त्यांचा वापर करणे.

मूळ पाठ

(१) लखनौ, पुणे आणि दूरचा देश

कानपूरकडून लखनौला जाणारी आगगाडी अमौसी स्थानक ओलांडते, तेव्हा लखनौ जवळ आल्याची खूण पटते. पुढे विमानतळामुळे अमौसीचे नाव दूरवर पोहोचले. या वेशीच्या आत, गोमती नदीच्या काठी वसलेले लखनौ म्हणजे अदबीने बोलणाऱ्यांचे, शायरांचे आणि कथक नर्तकांचे शहर. अशा या शहरात १९ मार्च १९३८ रोजी एका मराठी घरात सई परांजपे यांचा जन्म झाला.

हे मराठी घर लखनौला कसे आले, यालाही कारण आहे. सईंचे आजोबा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे महाराष्ट्राला ‘रँग्लर परांजपे’ म्हणून परिचित आहेत. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या कठीण परीक्षेत १८९९ साली ‘सीनियर रँग्लर’ होण्याचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ भूषवले आणि १९३२ ते १९३८ या काळात ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते.

सईंची आई शकुंतला परांजपे यांनीही केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतले होते. ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. पुढे संततिनियमनाच्या प्रसाराला त्यांनी आयुष्य वाहिले. ज्या काळात हा विषय चारचौघांत उच्चारणेही लोकांना अवघड वाटे, त्या काळात त्या तो उघडपणे मांडत राहिल्या. सईंचे वडील यूरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार होते. सईंच्या जन्मानंतर थोड्याच काळात आईवडील विभक्त झाले आणि आई व आजोबा यांच्या छायेत सई वाढल्या.

बालपण पुण्यात चालले असतानाच त्यात एक दूरचा देश आला. रँग्लर परांजपे यांची ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली आणि १९४४ ते १९४७ या काळात त्यांचे वास्तव्य तेथे होते. त्यामुळे सईंच्या बालपणाची काही वर्षे कॅनबेरात गेली. घरी मराठी, बाहेर इंग्रजी आणि रक्तात आणखी एका देशाचा वारसा! अशा मुलीला ‘आपले’ आणि ‘परके’ या शब्दांचा अर्थ लवकर कळतो. नव्या ठिकाणी गेले की माणसांचे बोलणे कान देऊन ऐकावे लागते. ही ऐकण्याची सवय पुढे संवाद लिहिणाऱ्या लेखिकेच्या उपयोगी पडली असेल, यात नवल नाही.

पुण्यात फर्ग्युसनच्या टेकडीवर चित्रपट दिग्दर्शक अच्युत रानडे राहत. नात्याने ते सईंचे मामा. लहानगी सई त्यांच्याकडे जाई आणि ते तिला गोष्टी सांगत. त्यांचे गोष्ट सांगणे म्हणजे जणू एखादी पटकथाच उलगडून दाखवणे असे. गोष्ट नुसती सांगायची नसते, ती दाखवायची असते, हा धडा त्या टेकडीवर गिरवला गेला. वयाच्या आठव्या वर्षी सईंचे ‘मुलांचा मेवा’ हे परीकथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

> पाठगत प्रश्न १
> (अ) रँग्लर परांजपे लखनौला का राहत होते?
> (आ) अच्युत रानडे यांच्या गोष्टी सांगण्याच्या पद्धतीचे वैशिष्ट्य कोणते?

(२) आवाजाची शाळा, रंगमंचाची शाळा

सईंच्या व्यावसायिक जीवनाची सुरुवात पुणे आकाशवाणी केंद्रावर निवेदिका म्हणून झाली. मुलांच्या कार्यक्रमांशी त्यांचा तेथे निकटचा संबंध आला. आकाशवाणी हे निव्वळ आवाजाचे माध्यम. येथे रंगभूषा नाही, नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही. राजवाडा उभा करायचा तर तो शब्दांनी, पाऊस पाडायचा तर तो ध्वनीने. श्रोता दिसत नाही; त्याला जांभई आली तरी निवेदकाला ते कळत नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात त्याचे लक्ष वेधून घ्यावे लागते आणि एकही शब्द वायफळ खर्चून चालत नाही. शब्दांची ही काटकसर सईंनी आकाशवाणीवर आत्मसात केली.

त्यानंतर त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात प्रवेश घेतला. ही संस्था १९५९ साली स्थापन झाली होती. इब्राहिम अल्काझी यांच्यासारखे शिस्तप्रिय गुरू तेथे लाभले. नाटक म्हणजे केवळ पाठांतर आणि हातवारे नव्हेत, त्यामागे अभ्यास, नियोजन आणि अपार कष्ट असतात, ही शिकवण त्या काळातील विद्यार्थ्यांना मिळाली. १९६३ साली सई या विद्यालयातून पदवीधर झाल्या.

सईंनी मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत, मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी नाटके लिहिली व बसवली. मुलांसाठी लिहिताना त्यांनी उपदेशाचा सूर टाळला. मुलांचा प्रेक्षक हा सर्वांत कठोर परीक्षक असतो. नाटक आवडले नाही तर तो शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवीत नाही. तो चुळबुळ करू लागतो. त्याला खिळवून ठेवण्याची कला साधली, की मोठ्यांचा प्रेक्षक अवघड वाटत नाही.

मोठ्यांसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘जास्वंदी’ या नाटकात सुबत्तेतही एकाकी पडलेल्या स्त्रीचे मन त्यांनी उकलून दाखवले. ‘सख्खे शेजारी’ या नाटकाच्या नावातच एक मिश्कीलपणा आहे. ‘सख्खा’ हा शब्द मराठीत भावा-बहिणीसाठी वापरतात, शेजाऱ्यासाठी नव्हे. जन्माने जोडलेले नाते आणि केवळ भिंतीने जोडलेले नाते यांची अदलाबदल करून लेखिकेने शीर्षकातच नाटकाचा विषय सांगून टाकला आहे.

> पाठगत प्रश्न २
> (अ) आकाशवाणीसाठी लिहिताना कोणती काळजी घ्यावी लागते?
> (आ) ‘सख्खे शेजारी’ या शीर्षकातील गंमत कोणती?

(३) दूरदर्शनची निर्माती

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. आरंभी आठवड्यातून दोनच दिवस आणि थोडाच वेळ कार्यक्रम दाखवले जात. १९६५ पासून रोजचे प्रक्षेपण सुरू झाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरदर्शन हे आकाशवाणीचाच एक भाग होते. त्यामुळे आकाशवाणीवर घडलेली अनेक माणसे सहजपणे या नव्या माध्यमात आली. त्यांच्याजवळ आवाजाचे भान होते; चित्राचे भान मात्र त्यांना नव्याने मिळवायचे होते. सईंना नाट्यविद्यालयाच्या शिक्षणामुळे दृश्याचीही जाण होती. दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी अनेक वर्षे दिग्दर्शिका आणि निर्माती म्हणून काम केले.

निर्माता म्हणजे पैसा गुंतवणारा, असा अनेकांचा समज असतो. चित्रपटव्यवसायात तो बराचसा खराही आहे. परंतु त्या काळच्या दूरदर्शनवर निर्माता हा संस्थेतील नोकरदार असे. कार्यक्रमाची कल्पना सुचवणे, संहिता लिहिणे अथवा लिहवून घेणे, कलावंत निवडणे, तालमी घेणे, स्टुडिओची वेळ ठरवणे, नेपथ्य आणि वेशभूषा यांची जुळवाजुळव करणे, चित्रीकरणाच्या वेळी कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर जावे हे सांगणे आणि हे सर्व ठरलेल्या खर्चात, ठरलेल्या मिनिटांत बसवणे, ही सारी जबाबदारी निर्मात्याची. सुरुवातीच्या काळात बरेच कार्यक्रम स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत. नट एखादे वाक्य विसरला तर ते घरोघरी दिसे. चूक पुसण्याची सोय नव्हती.

नाटकातून आलेल्या लेखिकेला येथे दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली गोष्ट अंतराची. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत भाव पोहोचवायचा असल्यामुळे नटाला आवाज चढवावा लागतो, हालचाल ठळक करावी लागते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ जातो. तेथे पापणी लवली तरी दिसते. त्यामुळे रंगमंचावर जे वाक्य आवश्यक असते, ते पडद्यावर कधी कधी अनावश्यक ठरते. नुसती नजर पुरते. दुसरी गोष्ट काळाची. दोन अंकी नाटकाला दोन-अडीच तास मिळतात. दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासात पात्रांची ओळख, प्रसंग, पेच आणि उकल हे सारे आवरावे लागते. थोडक्यात सांगण्याची ही शिस्त लेखकाला जाचक वाटू शकते. पण तीच त्याला नेमकेपणाही देते.

सईंनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘द लिटल टी शॉप’ या १९७२ सालच्या लघुचित्रपटाला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघटनेचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू व्हायचे होते. महाराष्ट्राच्या भूमीवर दूरचित्रवाणी प्रथमच अवतरणार होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या या केंद्राच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाच्या निर्मितीसाठी सई परांजपे यांची निवड झाली. या नव्या दालनाचा उंबरठा मराठी प्रेक्षकाने ओलांडला, तेव्हा त्याच्या स्वागताची तयारी एका मराठी नाटककर्तीने केली होती.

मुलांच्या नाट्यसृष्टीशी असलेले त्यांचे नाते या काळातही तुटले नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी दोन वेळा बालचित्र समितीचे अध्यक्षपद सांभाळले. ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६) हे मुलांसाठीचे चित्रपट त्यांनी याच समितीसाठी केले.

> पाठगत प्रश्न ३
> (अ) त्या काळच्या दूरदर्शनवरील निर्मात्याची कोणतीही चार कामे लिहा.
> (आ) रंगमंचावरील अभिनय आणि कॅमेऱ्यासमोरील अभिनय यांत कोणता फरक असतो?

(४) मोठ्या पडद्यावर

दूरदर्शनच्या वर्षांनी सईंना चित्रपटासाठी सिद्ध केले. पुढे मोठ्या पडद्यावर आलेल्या त्यांच्या काही कथांची बीजे दूरदर्शनसाठी केलेल्या कामातच आढळतात. ‘स्पर्श’ हा त्यांचा चित्रपट अंधशाळेच्या मुख्याध्यापकाची कथा सांगतो. स्वतः अंध असलेला अनिरुद्ध कोणाचीही कीव स्वीकारायला तयार नाही. मदत आणि दया यांत फरक कोणता, प्रेमात दयेला जागा असावी की नसावी, असा अवघड प्रश्न हा चित्रपट विचारतो. दिल्लीतील अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या परिसरात त्याचे चित्रीकरण झाले. शाळेतील मुले हसतात, खोड्या काढतात, भांडतात. त्यांना पाहून प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यावे, असा खटाटोप लेखिका करीत नाही. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, सर्वोत्कृष्ट पटकथा आणि नसीरुद्दीन शाह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

त्यानंतरचा ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) हा अगदी निराळ्या मनोवृत्तीचा. दिल्लीत एका भाड्याच्या घरात राहणारे तीन तरुण आणि दारोदार जाऊन धुण्याची पावडर विकणारी एक मुलगी, एवढ्यावर हा विनोदी चित्रपट उभा आहे. त्यातील पावडरीच्या प्रात्यक्षिकाचा प्रसंग आठवून पाहावा. एक खोली, एक बादली, एक मळका कपडा, बोलायला अडखळणारा तरुण आणि पाठ केलेले बोल म्हणणारी मुलगी. भव्य देखावा नाही, गाणे नाही. हा प्रसंग स्टुडिओच्या चार भिंतींतही करता आला असता आणि रंगमंचावरही. मोजक्या साधनांत प्रसंग रंगवण्याची कला दूरदर्शनच्या तुटपुंज्या साधनांतच तावूनसुलाखून निघते.

‘कथा’ (१९८३) हा चित्रपट तर सरळ मराठी रंगभूमीवरून आला. श्री. गं. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर तो आधारलेला आहे. मुंबईतील एका चाळीत राहणारा सज्जन, कष्टाळू राजाराम आणि त्याच्याकडे येऊन राहणारा गोडबोल्या, चलाख बाशू यांची ही गोष्ट. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत कासव जिंकते. खऱ्या जगात ते जिंकते का, असा खोचक प्रश्न हसत हसत विचारला आहे.

> पाठगत प्रश्न ४
> (अ) ‘स्पर्श’ या चित्रपटातून कोणता प्रश्न विचारला आहे?
> (आ) ‘कथा’ हा चित्रपट कोणत्या नाटकावर आधारलेला आहे?

(५) मालिकांचे दिवस आणि पुन्हा रंगमंच

१९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले. ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली आणि देशभर मालिकांचे युग अवतरले. कार्यक्रम आता केवळ दूरदर्शनच्या नोकरदार निर्मात्यांनी करायचे राहिले नाहीत. जाहिरातदारांच्या आश्रयाने बाहेरचे लेखक-दिग्दर्शकही मालिका करू लागले. पूर्वी संस्थेच्या आत राहून काम केलेल्या सई आता स्वतंत्र कलावंत म्हणून छोट्या पडद्यावर परतल्या. ‘अडोस पडोस’, ‘छोटे बडे’ आणि ‘हम पंछी एक चाल के’ या त्यांच्या मालिका प्रेक्षकांसमोर आल्या.

ही नावे त्यांच्या नाटक-चित्रपटांच्या नावांशेजारी ठेवून पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. ‘सख्खे शेजारी’ हे नाटक, ‘कथा’ हा चाळीतला चित्रपट, ‘अडोस पडोस’ आणि ‘हम पंछी एक चाल के’ या मालिका! प्रत्येक माध्यमात सई पुन्हा पुन्हा शेजाराकडेच वळल्या आहेत. नातेवाईक निवडता येत नाहीत, तसे शेजारीही निवडता येत नाहीत. त्यांच्याशी भांडण होते, वाटीभर साखरेची उसनवारी होते, अडीअडचणीला तेच धावून येतात. भिन्न भाषांची, भिन्न चालीरीतींची माणसे एका जिन्याने वर-खाली करतात, तेव्हा त्या जिन्यावर छोटासा देशच उभा राहतो. अनेक देशांच्या खुणा घेऊन वाढलेल्या लेखिकेला हा विषय जवळचा वाटावा, हे समजण्यासारखे आहे.

शिवाय दूरचित्रवाणी स्वतःही त्या काळी शेजाराचेच माध्यम होती. वाड्यात किंवा चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी संच असे आणि संध्याकाळी साऱ्या बिऱ्हाडांतील मुले-माणसे त्या खोलीत दाटीवाटीने बसत. शेजाऱ्यांची गोष्ट शेजाऱ्यांनीच एकत्र बसून पाहावी, असा हा योग होता.

मालिकांच्या यशानंतरही सईंनी रंगभूमीकडे पाठ फिरवली नाही. १९८६ साली त्यांचे ‘माझा खेळ मांडू दे’ हे नाटक रंगमंचावर आले. गावातील स्त्रियांनी दारूविरुद्ध उभारलेल्या लढ्यावर त्यांनी ‘चूडियाँ’ (१९९३) हा लघुपट केला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हसवणारी लेखिका गंभीर प्रश्नांपासून दूर राहते, हा समज अशा कामांनी खोटा ठरवला. २००६ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ हा सन्मान दिला. २०१६ साली त्यांचे ‘सय’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ‘सय’ म्हणजे आठवण. लेखिकेच्या नावाशी मिळतेजुळते असे हे शीर्षक, ‘सख्खे शेजारी’प्रमाणेच, शब्दांशी खेळणाऱ्या मनाची साक्ष देते.

आकाशवाणी, नाटक, दूरदर्शन, चित्रपट, मालिका आणि पुन्हा नाटक असा हा प्रवास आहे. ही एकाहून एक उंच पायऱ्यांची शिडी नव्हे. एका घरातील अनेक खोल्यांत माणसाने गरजेप्रमाणे वावरावे, तशा सई या माध्यमांत वावरल्या. एका खोलीत शिकलेली गोष्ट त्यांनी दुसऱ्या खोलीत उपयोगात आणली. माध्यम बदलणे म्हणजे आपले पहिले काम टाकून देणे नव्हे, हे त्यांच्या वाटचालीतून उमगते.

> पाठगत प्रश्न ५
> (अ) सई परांजपे यांच्या कलाकृतींतील समान सूत्र कोणते?
> (आ) १९८४ नंतर दूरदर्शनवरील कार्यक्रमांच्या निर्मितीत कोणता बदल झाला?

शब्दार्थ

वेस – गावाची सीमा, गावात शिरण्याचे दार
अदब – नम्रता, मान राखून वागण्याची रीत
वायफळ – निरर्थक
आत्मसात करणे – पूर्णपणे आपलेसे करणे
संहिता – नाटकाचा अथवा कार्यक्रमाचा लिखित मजकूर
प्रक्षेपण – कार्यक्रम लहरींद्वारे दूरवर पाठवणे
तुटपुंजी – अपुरी
तावूनसुलाखून निघणे – कसोटीला उतरणे
बिऱ्हाड – एका कुटुंबाचा संसार, राहण्याची जागा
खोचक – मर्मावर बोट ठेवणारा

आशय समजून घेऊया

या पाठात चरित्र आहे, पण केवळ जन्म, शिक्षण, पुरस्कार अशी जंत्री नाही. प्रत्येक टप्प्यावर ‘येथे काय मिळाले?’ हा प्रश्न विचारला आहे. टेकडीवरील गोष्टींनी दाखवण्याची कला दिली, आकाशवाणीने शब्दांची काटकसर दिली, नाट्यविद्यालयाने शिस्त दिली, दूरदर्शनने नेमकेपणा दिला. एखाद्या व्यक्तीचे चरित्र वाचताना घटनांच्या मागे असलेला हा कार्यकारणभाव शोधावा.

पाठात तुलनेचा वापर पुष्कळ केला आहे. नाटक आणि दूरचित्रवाणी, मदत आणि दया, नोकरदार निर्माती आणि स्वतंत्र कलावंत अशा जोड्या समोरासमोर ठेवल्यामुळे प्रत्येकीचे स्वरूप स्पष्ट होते. शेवटच्या भागातील ‘शिडी’ आणि ‘घरातील खोल्या’ या दोन प्रतिमाही लक्षात घ्या. शिडीवरून वर चढताना खालची पायरी मागे पडते. घरात एका खोलीतून दुसरीत गेले तरी पहिली खोली आपलीच राहते. लेखिकेच्या वाटचालीला यांतील दुसरी प्रतिमा का योजली असेल, याचा विचार करा.

भाषाभ्यास

व्यवसायवाचक नामांची स्त्रीलिंगी रूपे

पाठातील ‘निवेदिका’, ‘लेखिका’, ‘दिग्दर्शिका’, ‘निर्माती’ हे शब्द पाहा. मूळ पुल्लिंगी नामांवरून ते पुढीलप्रमाणे तयार झाले आहेत :

(अ) ‘-अक’ ने शेवट होणाऱ्या अनेक नामांचे स्त्रीलिंगी रूप ‘-इका’ लावून होते.
लेखक – लेखिका. निवेदक – निवेदिका. दिग्दर्शक – दिग्दर्शिका. गायक – गायिका

(आ) ‘-ता’ ने शेवट होणाऱ्या काही नामांचे रूप ‘-ती’ किंवा ‘-त्री’ असे होते.
निर्माता – निर्माती; अभिनेता – अभिनेत्री

(इ) काही नामे दोन्ही लिंगांत तशीच वापरली जातात. तेथे क्रियापदावरून किंवा विशेषणावरून लिंग कळते.
ते नाटककार पुण्याला गेले. / त्या नाटककार पुण्याला गेल्या.

कृती : ‘संपादक’, ‘शिक्षक’, ‘नायक’, ‘चित्रकार’ या शब्दांचा स्त्रियांच्या संदर्भात वाक्यांत उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात?

• सई परांजपे यांचा जन्म १९३८ साली लखनौ येथे झाला. पुणे आणि कॅनबेरा येथे त्यांचे बालपण गेले.
• आकाशवाणीवर निवेदिका, त्यानंतर राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिक्षण आणि पुढे दिल्ली दूरदर्शनवर निर्माती असा त्यांचा प्रवास झाला.
• मुंबई दूरदर्शन केंद्राच्या १९७२ मधील उद्घाटनाच्या कार्यक्रमाच्या निर्मितीसाठी त्यांची निवड झाली.
• नाटकात अंतर आणि अवधी मोठा असतो. दूरचित्रवाणीत दोन्ही लहान असल्यामुळे लेखन अधिक नेमके करावे लागते.
• शेजार आणि सहजीवन हे त्यांच्या नाटक, चित्रपट व मालिका यांतील महत्त्वाचे सूत्र आहे.

स्वाध्याय

१. रेडिओ, रंगमंच आणि दूरचित्रवाणी या तीन माध्यमांची तुलना आठ ते दहा ओळींत करा.
२. ‘माध्यम बदलणे म्हणजे आपले पहिले काम टाकून देणे नव्हे.’ पाठाच्या आधारे या विधानाचे स्पष्टीकरण करा.
३. मदत आणि दया यांतील फरक तुमच्या अनुभवातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. तुमच्या शेजारात घडलेला एखादा साधा प्रसंग निवडा. तो (अ) रंगमंचासाठी व (आ) दूरचित्रवाणीसाठी प्रत्येकी दहा संवादांत लिहा. दोन्ही लेखनांत कोणते संवाद वगळावे लागले, त्याची नोंद करा.
५. तुमच्या परिसरात एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात गेलेल्या एखाद्या व्यक्तीची भेट घ्या. पहिल्या कामातील कोणती गोष्ट दुसऱ्या कामात उपयोगी पडली, हे तिला विचारा आणि त्यावर टिपण तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ते १९३२ ते १९३८ या काळात लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. (आ) ते पटकथा उलगडून दाखवावी तशी गोष्ट सांगत.

२. (अ) आरंभीच श्रोत्याचे लक्ष वेधून घ्यावे लागते, दृश्य शब्दांनी व ध्वनीने उभे करावे लागते आणि वायफळ शब्द टाळावे लागतात. (आ) ‘सख्खा’ हा रक्ताच्या नात्यासाठीचा शब्द शेजाऱ्यासाठी वापरला आहे.

३. (अ) संहिता लिहिणे अथवा लिहवून घेणे, कलावंत निवडणे, तालमी घेणे, स्टुडिओची वेळ ठरवणे इत्यादी. (आ) रंगमंचावर आवाज व हालचाल ठळक करावी लागते. कॅमेऱ्यासमोर सूक्ष्म हावभावही पुरतात.

४. (अ) मदत आणि दया यांत फरक कोणता आणि प्रेमात दयेला जागा असावी का, हा प्रश्न विचारला आहे. (आ) श्री. गं. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर.

५. (अ) शेजार आणि भिन्न माणसांचे सहजीवन. (आ) नोकरदार निर्मात्यांबरोबरच बाहेरचे लेखक-दिग्दर्शक जाहिरातदारांच्या आश्रयाने मालिका करू लागले.